'औदुंबर'च्या आठ ओळी आणि माझा लघुप्रबंध

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंधासाठी मी शैलीविज्ञान (भाषेच्या अंगाने साहित्य तपासण्याचं शास्त्र) घेतलं आणि कविता निवडली बालकवींची 'औदुंबर'. आठ ओळींवर पानंच्या पानं काय लिहिणार, असं वर्गात सगळ्यांनी विचारलं. आठच ओळी म्हणून तर घेतली होती. तेवढ्यात प्रत्येक शब्दाचा हिशेब मागता येतो.

मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली : 'चित्रमय', 'नादमधुर', 'तरल' हे शब्द वापरायचे नाहीत. (ते काढून टाकल्यावर आपल्याकडच्या रसग्रहणांत किती उरतं, हे कुणीही करून पाहावं.)

आधी कविता वहीत सुटी सुटी उतरवली आणि रंगवाचक शब्दांखाली रेघा मारल्या. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. 'हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे' या सहाव्या ओळीत हिरवा आणि काळा समोरासमोर येतात. तिथून पुढे हिरवा पुन्हा दिसत नाही. 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर' या शेवटच्या ओळीत तर रंगच नाही.

मग क्रियापदं काढली. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो, औदुंबर बसतो. चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पण माणूस एकही नाही. पाय मात्र दोनदा आलेत : एकदा 'पायवाट'मध्ये आणि एकदा 'पाय टाकुनी जळात' मध्ये. चालणारी वाट डोहाकडे जाते आणि तिथे पाय सोडून झाड बसलेलं असतं. एवढं हाती आल्यावर निम्मं प्रकरण आपोआप लिहून झालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला शब्द बदलून पाहण्यात. सातव्या ओळीतल्या 'गोड काळिमा'च्या जागी 'गडद काळिमा' ठेवला. मात्रा तेवढ्याच राहिल्या, त्याची अडचण नव्हती. पण काळिमा म्हटलं की आपण तो फासायचा असतो. 'गोड'ने त्यातली नाचक्की काढून घेतली होती, ती 'गडद'ने परत आणली. 'औदुंबर' काढून 'उंबर' ठेवला, तर दोन मात्रा कमी पडल्या. त्या भरून काढता येतील, पण दत्ताचं स्थान असलेलं झाड गेलं आणि कुणाच्याही बांधावरचं झाड आलं.

'असला' मात्र कशानेच बदलता येईना. 'बसला आहे' म्हटलं की नुसती बातमी होते. 'बसला असला'मधला नाद तर जातोच, शिवाय 'असला' म्हणजे कसला, हे कवी सांगत नाही. ते शोधायला वाचकाला मागच्या सात ओळींतच परत जावं लागतं. मला तरी कविता बांधून ठेवणारी गाठ हीच वाटते. रंगांचं कौतुक सगळे करतात, त्या मानाने या साध्या शब्दाकडे लक्ष कमी जातं.

बालकवी 1918 मध्ये जळगावजवळच्या भादलीला रेल्वेखाली गेले. त्यामुळे काळा डोह म्हणजे मृत्यूची चाहूल, असं लिहायचा मोह पडतो. मी ते सगळं एका तळटीपेत ठेवलं. डोहाचा काळेपणा कवितेतूनच सिद्ध होत असेल तर चरित्राचा टेकू कशाला?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "म्हणजे हे सगळं त्यांनी ठरवून लिहिलं, असं म्हणता?"

"ठरवलं होतं का, ते नाही सांगता येणार, सर. कागदावर जे आहे तेवढंच मी मोजलंय."

"पण 'असला' म्हणजे 'बसलेला असावा' असंही वाचता येईल की!"

येतं. मी दोन्ही अर्थ दिले होते आणि 'अशा तऱ्हेचा' या अर्थाकडे माझा कल का, तेही लिहिलं होतं. सरांना ते पटलं नाही. पानं उलटून त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, मॅडमकडे पाहिलं आणि मग दुसऱ्या प्रकरणातल्या मात्रांच्या तक्त्याकडे वळले.