आमची वाटचाल: आधी भिंत, मग टब

सावंतवाडीत वडिलांनी हे काम सुरू केलं तेव्हा आम्ही फक्त नळजोडणी करायचो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला आटे पाडायचे, धागा आणि सफेदा लावून जोड आवळायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. पुढे १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. हळूहळू जुन्या चिरेबंदी घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघू लागल्या आणि न्हाणीघरात टब हवा, अशी मागणी आमच्याकडे यायला लागली.

आमचं काम बदललं ते या टबामुळे. जुन्या घरांतल्या जांभ्याच्या भिंती मातीत नाहीतर चुन्यात रचलेल्या, वर गिलाव्याचे थरावर थर. नुसत्या डोळ्यांना सरळ वाटतात, पण १७०० मिमीचा टब टेकवला की मधे पोट आणि टोकाला बोट जाईल एवढी फट दिसते. प्लंबर म्हणतो गवंडी भरेल, गवंडी म्हणतो टाइलमध्ये झाकलं जाईल, टाइल मिस्त्री व्हाइट सिमेंट कोंबून मोकळा होतो. तिघांचंही काम पुरं होतं, भिंत मात्र कोणाचीच नसते. चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, सच्छिद्र असतो. फटीतून झिरपलेलं पाणी तो पिऊन घेतो आणि पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून आम्ही स्वतःचे गवंडी ठेवले आणि भिंतीची जबाबदारी अंगावर घेतली. फर्मच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी यालाच मानतो.

आमचे सर्वांत जुने गवंडी घाई करणाऱ्या मालकाला आजही सांगतात, "आधी भिंत बघा, टब खंय पळान जाता?"

आधी सुटा झालेला गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडतो, सांधे कोरून साफ करतो. मग दोरी, ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या. टबाचे कोपरे काटकोनात असतात, खोलीचे बहुधा नसतात, त्यामुळे गुण्या लावल्याशिवाय पुढे जात नाही. ठिय्ये, म्हणजे थराची जाडी ठरवणारे मालाचे ठिपके, देऊन गिलावा चढवतो, एका वेळी १२ ते १५ मिमी. खोलगट भाग जास्त असेल तर पहिला थर ओरखडून ठेवतो आणि दुसरा जाळी मारून घेतो. त्यानंतर किमान ७ दिवस पाणी मारायचं आणि भिंत नीट वाळू द्यायची. कोकणात पावसाळ्यात भिंत वाळायचं नाव घेत नाही, म्हणून ही कामं आम्ही दिवाळीनंतरच घेतो.

टबाची ऑर्डर गिलाव्यानंतर द्यावी, असा आमचा आग्रह असतो. दोन्ही टोकांच्या भिंतींवर २५ मिमी गिलावा चढला तर खोलीतले ५० मिमी गेले. आधी आणलेला टब मग आत उतरतच नाही.

टबाची कड जिथे येणार तिथे भिंतीत उथळ खाच घेतो, खाचेसह सगळ्या भिंतीला वॉटरप्रूफिंग करतो आणि कड त्या खाचेत सरकवतो. कड चारही बाजूंनी लेव्हलमध्ये हवी. पाणी निचऱ्याकडे जाण्याचा उतार टबाच्या तळातच दिलेला असतो, वेगळा उतार काढायची गरज नाही. पाय कोब्यावर पक्के टेकतात. निचऱ्याच्या जोडापर्यंत हात पोचेल अशी उघडता येणारी छोटी झडप टबाच्या पुढच्या बाजूला ठेवतो, कारण जोड गळला तर टाइल फोडावी लागू नये. टाइल टबाच्या कडेवर उतरते, मधे थोडी फट ठेवून. ॲक्रिलिकचा टब भरला की किंचित खाली बसतो. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन, वर माणूस. म्हणून टब भरूनच त्या फटीत सिलिकॉन भरतो आणि ते सुकेपर्यंत पाणी सोडत नाही. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीत ताणलं जातं, पुढे सुटतं.

आता टाइल ॲढेसिव्हवर, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मसाल्यावर, लागतात. त्याचा थर काही मिलिमीटरचा असतो. पूर्वी सिमेंट-वाळूच्या मालाचा जाड थर देऊन मिस्त्री भिंतीचं वाकडेपण सांभाळून घ्यायचे, ती सोय आता राहिली नाही.

आमच्या अंदाजपत्रकात गिलाव्याची रक्कम वेगळी लिहिलेली असते. फक्त टब बसवून हवा असेल त्यांनाही आधी भिंत मोजून ती सरळ रेषेपासून किती हटली आहे तो फरक कागदावर देतो. तो ५ मिमीच्या वर असेल तर गिलाव्यासकटच काम घेतो.