पांढऱ्या केसांची मेंदी आणि निळीच्या पाल्याची शोधाशोध

मेंदी भिजवणं, लावणं, धुणं यात काही विशेष नाही. आपल्या आया-आज्या करतच आल्या. माझा जीव खाल्ला तो निळीच्या पाल्याच्या पावडरीने आणि ती मागितली की भलतंच पाकीट पुढे सरकवणाऱ्या दुकानदारांनी. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

नुसत्या मेंदीने पांढरे केस काळे होत नाहीत, केशरी-तांबडे होतात. मला तो रंग नको होता. शाळेत पोरं नावं ठेवायला टपलेलीच असतात. आणि बाजारचा डाय तर घरात बंदच. माझ्या थोरल्या बहिणीने लग्नसराईत ‘हर्बल काळी मेंदी’ लावली आणि दुसऱ्या दिवशी कपाळ, पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात. त्वचेच्या डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं आणि घटकांतल्या एका नावावर पेन टेकवलं: पॅराफेनिलिनडायअमाईन, म्हणजे पीपीडी, केस काळे करणारं रसायन. एकदा त्याचं वावडं झालं की ते सहसा आयुष्यभर सुटत नाही, असं त्यांनी बजावलं. माझी कातडी बहिणीसारखीच, त्यामुळे विषय संपला.

राहिला दोन टप्प्यांचा मार्ग. आधी मेंदी, ती धुऊन त्यावर निळीचा पाला. तांबड्यावर निळा चढला की काळा दिसतो. मेंदी काय, राजस्थानातल्या सोजतची चांगली कुठेही मिळते. निळीसाठी मात्र मी लातूरची गंजगोलाई पालथी घातली. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बहुतेकांवर माझी चप्पल झिजली असेल.

पहिल्याच दुकानात ‘नीळ द्या’ म्हटल्यावर पांढऱ्या कपड्यांना घालायची बाटली हातात आली. पाल्याची, केसांची, असं सांगितलं तर त्याने काळी मेंदी काढली. पुढच्याने तीच. त्याच्या पुढच्याने तीच, फक्त पाकिटावरची बाई वेगळी.

“ताई, हीच ती. समद्या बायका हीच न्यायल्यात.”

मी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. समोर हिरवी पानं, आवळा, जास्वंद छापलेले. मागे मुंगीएवढ्या अक्षरात तेच पीपीडी. खाली सूचना: त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. मी त्याला ते वाचून दाखवलं. निव्वळ पाल्याला असला इशारा कशाला लागेल हो?

“ते समद्यावरच लिवतेत, ताई.”

एका दुकानात बरणीतली सुटी पावडर मिळाली. ‘ओरिजिनल नीळ’ असं शपथेवर सांगितलं. चिमूटभर पाण्यात टाकून बघू का विचारलं, तर बोहनीच्या वेळेला कटकट नको म्हणाला. घरी आणून बशीत कोमट पाण्यात कालवली. कालवताक्षणी कॉफीसारखी काळी, आणि वास औषधी, नाकात जाणारा. खरी निळीची पावडर हिरवी असते, भिजवली की ताज्या मटाराच्या शेंगा सोलल्यासारखा वास येतो. पानात रंग तयार नसतो. पाणी लागलं की तो सुटतो आणि हवा लागली की निळा होतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी वरच्या थरावर निळसर-जांभळी झाक दिसते. आधी नाही. लगेच काळं पडलं तर तो पाला नाही, हे धरून चाला. परत करायला गेले तर उत्तर तयार: सुटा माल परत होत नसतो. पावती? सुट्या मालाची पावती नसते म्हणे.

शेवटी काष्ठौषधीच्या एका जुन्या दुकानातले काका सरळ म्हणाले, “आपल्याकडं नाही बाई, मागवून देतो.” नाही म्हणणारा पहिला माणूस! मग वायद्यावर वायदे. सोमवारी या, माल गाडीत आहे, पार्सल सोलापुरात अडकलंय. तोवर माझी भांगाची पट्टी बोटभर पांढरी झाली आणि मधल्या काळात दोन लग्नांत मी डोक्यावरून पदर घेऊन फिरले. आलं ते पाकीट तामिळनाडूचं. घटकांत एकच नाव: इंडिगोफेरा टिंक्टोरिया, म्हणजे निळीच्या झाडाचंच शास्त्रीय नाव. एकच नाव असलेलं पाकीट घ्या, बाकी चित्रांना भुलू नका.

पुढचं सोपं. खांद्यापर्यंतच्या केसांना शंभर ग्रॅम मेंदी, त्यात दोन चमचे आवळा, चमचाभर माका, चहाचं गार पाणी, थोडं लिंबू. लातूरच्या उन्हाळ्यात तीन-चार तासांत रंग सुटतो, थंडीत रात्रभर ठेवा. तळहातावर ठिपका ठेवून बघा, पाच मिनिटांत केशरी डाग पडला की तयार. अडीच तास ठेवून धुतली. मग नीळ: कोमट पाणी, चिमूटभर मीठ, बस्स. लिंबू अजिबात नाही. पंधरा मिनिटांनी लगेच लावायला घ्यायची, ती थांबत नाही. केस ओलसर असलेले बरे. तास-दीड तास.

धुतल्यावर केसांना हिरवट झाक होती. यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, चहा ठेवला. घाबरू नका, दोन दिवसांत हवेने तो काळसर तपकिरी होतो. तोवर शाम्पू लावायचा नाही.

पाण्याचं आधीच सांगायला हवं होतं. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं या गावाने बघितलंय, त्यामुळे इथे बादल्यांचा हिशेब आधी करायचा. मेंदीत मेथीची पावडर घालू नका; केस मऊ होतात खरे, पण ती फुगून चिकट होते आणि धुताना बादल्यांवर बादल्या जातात. त्यापेक्षा पावडरी सुती कापडातून वस्त्रगाळ करून घ्या, चोथा केसांत अडकत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा साका केसांवर बसतो, शिकेकाई-रिठ्याचा बसत नाही. मी रिठे रात्री भिजवून सकाळी उकळते.

आणि पाला झाला म्हणून चाचणी सोडू नका. कानामागे थोडं लावून दोन दिवस वाट बघा. माझ्या बहिणीनेही आता तसं बघून हेच सुरू केलंय.

भिजवलेली मेंदी उरली तर डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका, पुढच्या वेळी मुळांना चालते. नीळ मात्र ठेवू नका, दुसऱ्या दिवशी त्यात रंग उरत नाही, आणि काकांकडून पुढचं पाकीट कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून लागेल तेवढीच भिजवा.