आधी पोटोबा, मग मिकी

ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जायचं ठरलं की लोक आधी राइडची यादी करतात. आमच्या घरी आधी जेवणाची यादी झाली. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. लेक पाच वर्षांची, तिला भूक लागली की समोर मिकी येवो नाहीतर साक्षात इंद्र, काही उपयोग नाही. आणि नवऱ्याला उन्हात तासभर रांगेत उभं केलं की तो बोलायचा बंद होतो. म्हणून कुठल्या पार्कात किती वाजता, कुठे टेकून खायचं ते आधी पक्कं केलं आणि राइड त्याच्या मागेपुढे बसवल्या. कोणी विचारलं तर मी अजूनही हेच सांगेन. एखादी राइड हुकली तर संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही, पण दुपारी दोन वाजता चार उपाशी माणसं काउंटर शोधत फिरायला लागली की त्या दिवसाचं मातेरं ठरलेलं.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नव्हे. साधारण २५ हजार एकरांचा पसारा, त्यात चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क, आणि हॉटेलं किती ते मोजायला बसू नये. बसून जेवायच्या ठिकाणी टेबल साठ दिवस आधीपासून राखून ठेवता येतं, आणि नावाजलेल्या जागा खरंच तेव्हाच भरतात. काउंटरवरचं खाणं मोबाइलच्या ॲपवरून सांगता येतं. सकाळी रांगेत उभं असतानाच दुपारच्या जेवणाची वेळ धरून ठेवायची. सगळ्यात मोठा दिलासा म्हणजे दारू आणि काचेच्या बाटल्या सोडल्या तर बाहेरचं खाणं आत नेता येतं. सासूबाईंनी दशम्या, चिवडा आणि लिंबाचं गोड लोणचं घेतलं होतं. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने डबा उघडून विचारलं, "ग्रॅनोला?" सासूबाई "येस, येस" म्हणाल्या आणि डबा त्याच्या पुढ्यात धरला. त्याने हसून हात जोडले. पिण्याचं पाणीही विकत घेऊ नका. काउंटरवर मागितलं की बर्फ घातलेला पेला फुकट मिळतो.

चार पार्कांतल्या मॅजिक किंगडमला गाडी लावली म्हणजे पोचलो असं होत नाही. तिथून पुढे मोनोरेल नाहीतर बोट. मध्ये जो तलाव लागतो तो माणसांनी खणलेला आहे. फ्लोरिडात जमिनीखाली हातभर गेलं की पाणी लागतं, त्यामुळे कामगारांच्या ये-जा करण्याचे बोगदे जमिनीवरच बांधले, तलावाची माती त्यांच्यावर ओढली आणि त्या मातीवर पार्क उभा केला. आपण चालतो तो खरं तर पहिला मजला. १ ऑक्टोबर १९७१ ला हे सुरू झालं तेव्हा वॉल्ट डिस्ने नव्हते. ते १९६६ मध्येच गेले, आणि थोरल्या भावाने, रॉय यांनी, निवृत्ती पुढे ढकलून काम पुरं केलं. उद्घाटनानंतर तीन महिन्यांच्या आत रॉयही गेले. हे मी बोटीवर सासूबाईंना सांगितलं, तेव्हापासून त्या प्रत्येक पुतळ्यापाशी "यातला भाऊ कुठला?" असं विचारत होत्या.

नेमकी त्याच दिवशी संकष्टी होती. "इथे कशाला उपास?" असं म्हणून पाहिलं, पण त्यांनी पंचांगाच्या ॲपमध्ये गाव बदलून ऑर्लँडो टाकलं होतं आणि चंद्रोदय रात्री अकरानंतर असल्याचं त्यांना आमच्या आधी ठाऊक होतं. मग सुरू झाला उपासाच्या पदार्थांचा शोध. बटाटा चालतो, म्हणजे फ्रेंच फ्राइज चालायला हव्यात, पण त्याच तेलात चिकन तळलं असेल तर? एका काउंटरवर विचारल्यावर मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, तेल एकच. पुढच्या ठिकाणी आतून माणूस आला आणि वेगळी कढई असल्याचं सांगून गेला. इथे हे विचारण्यात काही अवघड वाटत नाही. ॲलर्जी आणि पथ्यं यांची त्यांना सवय आहे, कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. मग अलोहा आइल नावाच्या टपरीवरचं डोल व्हिप, म्हणजे अननसाचं मऊसूत गार आइस्क्रीम. पिवळंधमक, आंबटगोड, वरून पिळून वळसे दिलेलं. त्या मे महिन्याच्या घामट दुपारी ते जिभेवर आल्यावर सासूबाई क्षणभर काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अननस उपासाला चालतो. अजून एक आण." आसपासची माणसं टर्कीची भलीमोठी तंगडी हातात धरून चालली होती. सासूबाई त्यांच्याकडे पाहायच्या, माझ्याकडे पाहायच्या आणि पुन्हा डोल व्हिपकडे वळायच्या.

राइडचं थोडक्यात सांगते. स्पेस माउंटनला उंची ११२ सेंटिमीटर लागते. लेक दोन बोटं कमी भरली, टाचा उंचावूनही. आजी सोबत असल्याने आम्ही दोघं जाऊन आलो. आजी नसेल तर आईबाबांनी आळीपाळीने जायची सोयही आहे, दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांग टाळायचा लाइटनिंग लेन हा प्रकार वेगळे पैसे घेतो आणि भाव तारखेप्रमाणे बदलतो. माझ्या मते तो फक्त याच पार्कात घ्यावा. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही बोटीची सफर मूळची १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातली कल्पना. लेकीला ती इतकी आवडली की त्या गाण्याने आमचा पुढचा अख्खा प्रवास खाल्ला.

सिंड्रेलाचा वाडा १८९ फूट उंच आहे. वरचे मनोरे खालच्यापेक्षा मुद्दाम लहान मापात बांधल्यामुळे तो आहे त्याहून उंच भासतो. दोनशे फुटांच्या आतच थांबण्याला कारण आहे. त्याहून उंच बांधकामावर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो, आणि परीकथेच्या शेंड्यावर लाल दिवा कोणाला हवाय? रात्री त्याच वाड्यावर आतषबाजी झाली. ती संपल्यावर सगळा पार्क एकदम दाराकडे सरकतो, म्हणून आम्ही बाकावर बसून राहिलो आणि गर्दी ओसरल्यावर बोट पकडली. तलावाच्या मध्यावर आलो तेव्हा डाव्या हाताला, झाडांच्या वर, कोर गेलेला तांबूस चंद्र. सासूबाईंनी बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन हात जोडले, डबीतल्या गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि कठड्याला टेकून दशमी खाऊन उपास सोडायला बसल्या. शेजारच्या एका बाईंनाही गूळखोबरं मिळालं. त्यांनी ते खाल्लंसुद्धा.

ॲनिमल किंगडमला सकाळी फाटक उघडायच्या आधी जा. किलिमांजारो सफारीत प्राणी तेव्हाच हिंडताना दिसतात, दुपारी सगळे सावलीला. मध्यभागी १४५ फुटांचं 'ट्री ऑफ लाइफ' आहे. आतला सांगाडा समुद्रातल्या तेलविहिरीच्या मचाणासारखा, आणि वरच्या सालीत तीनशेहून अधिक प्राणी कोरलेले. पण आम्ही रेंगाळलो ते आशिया विभागात. तिथे 'आनंदपूर' नावाचं एक खोटं गाव वसवलंय. पोपडे उडालेल्या भिंती, त्यावर हाताने रंगवलेल्या पाट्या, विजेच्या तारांचा गुंता, टेकवून ठेवलेली जुनी सायकल. कोणीतरी इंजिनिअरने बसून गंज कसा चढवायचा हे ठरवलं असणार. नवरा म्हणाला, आपण इतके पैसे भरून तालुक्याच्या एसटी स्टँडवर आलोय. मला मात्र कौतुक वाटलं. वाघ मोडक्या राजवाड्याच्या काचेपलीकडे पाण्यात पाय सोडून बसला होता, अगदी आपल्या मालकीचा वाडा असल्यासारखा. पलीकडे एव्हरेस्टची रोलर कोस्टर. तो डोंगरही दोनशे फुटांच्या जेमतेम आत ठेवलाय, कारण तुम्हाला आता ठाऊक आहेच.

आमच्या जेवणाच्या यादीतलं पहिलं नाव होतं 'सना'. हे पार्कात नाही, जवळच्या ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये आहे. टेबल राखून ठेवलं असेल तर तिथे उतरायला नसलात तरी चालतं. जेवण आफ्रिकी, त्यात भारतीय मसाले. हिंदी महासागरावरून आपल्या किनाऱ्याचा आणि झांझिबारचा जो शतकानुशतकांचा व्यापार झाला, तो ताटात आलेला. मागवायची ती 'ब्रेड सर्व्हिस'. नान, कांदा कुलचा, पनीर पराठा असे प्रकार आणि सोबत नऊ वाट्या. काकडीची कोशिंबीर म्हणावी असं रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं, टोमॅटो-खजुराचा जॅम, हुमूस, आणि खाली तिखटजाळ दोन. लांबट लाकडी पाटावर त्या वाट्या रांगेत मांडून आल्या तेव्हा सासूबाईंनी डावीकडून एकेक चाखत नेली, परीक्षकासारखी. लसणाचं लोणचं पास. आंब्याची चटणी "साखर जास्त, पण मूल खाईल." लाल सांबलने, म्हणजे मिरचीच्या चटणीने, त्यांना ठसका लागला आणि त्या खूश झाल्या. नान कडेला करपलेलं, मध्ये मऊ, हाताने फाडलं की वाफ निघत होती. आणि हे सगळं चालू असताना खिडकीबाहेर गवतात जिराफ. एक तर इतका जवळ आला की लेकीने त्याच्यासाठी कुलच्याचा तुकडा काचेला लावून धरला. वेटरने मसाला चालेल ना असं विचारल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, त्याला सांग, हा मसाला आमच्याकडे बाळांना देतात." मी तेवढं भाषांतर गाळलं.

बिल येताना मात्र मन घट्ट ठेवा. मेन्यूतल्या आकड्यावर साडेसहा टक्के कर चढतो, आणि टेबलावर वाढणाऱ्याला अठरा ते वीस टक्के टिप ही तिथली रीत आहे. रुपयांत हिशेब करायचा नाही असं विमानातच ठरलं होतं. सासूबाई मनातल्या मनात करत होत्या, ओठ हलताना दिसायचे.

एपकॉट हा पार्क १९८२चा. पुढचा चंदेरी गोल म्हणजे स्पेसशिप अर्थ, १८० फूट उंच, त्रिकोणी पत्र्यांनी मढवलेला. दुपारी फ्लोरिडाचा नेहमीचा वादळी पाऊस कोसळला आणि आम्ही त्याच्या खाली धावलो. एवढ्या मोठ्या गोलावरून पाण्याची धार डोक्यावर यायला हवी, पण येत नाही. पत्र्यांच्या फटींमधून पाणी आत घेतात आणि नळांनी मागच्या तळ्यात सोडतात. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. भारत नाही, हे सासूबाईंनी मनावर घेतलं. हा भाग साधारण अकराला उघडतो, म्हणून आधी पुढच्या राइड उरकाव्यात आणि मग खात खात चक्कर मारावी. इटलीत 'व्हिया नापोली'तल्या लाकडावरच्या तीन भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं दिली आहेत, त्यातून निघालेला मार्गरिटा पिझ्झा चौघांनी निमूट संपवला. जपानमध्ये काकिगोरी, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडी नाही आणि कालाखट्टा नाही. बाकी देशांत आम्ही सावली बघितली.

खोट्या गोष्टी इतक्या निगुतीने केलेल्या बघून झाल्यावर एक दिवस नासाच्या केनेडी स्पेस सेंटरसाठी ठेवाच. पूर्वेला गाडीने तासाभरावर आहे. आत अटलांटिस हे खरंखुरं अवकाशयान टांगलंय, ४३.२१ अंशांत कललेलं. चार, तीन, दोन, एक. १९८५ ते २०११ मध्ये ३३ उड्डाणं केलेलं. पोटाखालच्या काळ्या फरशांवर उष्णतेचे ओघळ दिसतात, एखादी फरशी नवी, शेजारची राखाडी पडलेली. सुनीता विल्यम्स २००७ मध्ये यातूनच पृथ्वीवर परतल्या. त्याच इमारतीत चॅलेंजर आणि कोलंबिया या यानांच्या अपघातांत गेलेल्या चौदा जणांचं स्मारक आहे. तिथे कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी ठेवल्या आहेत. कल्पना चावलाचं नाव वाचल्यावर सासूबाईंनी चपला काढल्या. कोणी काही म्हणालं नाही.

मग बस ३६३ फुटांच्या सॅटर्न रॉकेटपाशी नेते, माणसांना चंद्रावर नेणाऱ्या जातीचं. आडवं ठेवलंय, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालता चालता लेक दोनदा खाली बसली. रॉकेटच्या जवळच उपाहारगृह आहे, पण तिथे कॉफी आणि चिप्सच्या पुढे आमचं काही जमलं नाही. चिवड्याचा शेवट तिथेच झाला. याच दालनात चंद्रावरून आणलेल्या दगडाचा छोटा तुकडा हात लावायला ठेवलाय, लोकांच्या बोटांनी गुळगुळीत झालेला. सासूबाईंनी बोट टेकवलं, कपाळाला लावलं आणि मला विचारलं, "मग आता पुढच्या संकष्टीला थांबायचं की नाही?" मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवलं, थांबायचं. दगड वेगळा, चंद्र वेगळा.

त्या संध्याकाळी ऑरेंज ब्लॉसम ट्रेलवर गेलो. या रस्त्यावर भारतीय किराणा आणि दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेल मिळतं, आणि पार्कातल्या खाण्याच्या मानाने ते खिशालाही झेपतं. डोसा टेबलाच्या कडेबाहेर जाईल एवढा लांब. चटणी जरा फिकी निघाली. सासूबाईंनी ते वेटरला मराठीतून सांगितलं, त्याने ते तमिळमधून ऐकलं आणि आतून लाल चटणीची मोठी वाटी आणली. लेक डोसा मोडता मोडता इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथे रांग का नाहीये?"