फ्रँकेनस्टाइन, पण कुठलं?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये मी ऑनर्स इंग्लिश, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या पातळीचा वर्ग, शिकवते. इथं जूनमध्ये शाळा सुटते ती सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या आसपास उघडते, आणि मधल्या सुट्टीत ऑनर्सच्या मुलांनी नेमलेलं पुस्तक वाचून यायचं असतं. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात क्विझ, वर्गात बसून लिहायचा निबंध आणि सुट्टीत लिहिलेलं डायलेक्टिकल जर्नल. जर्नलमध्ये पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे पुस्तकातला उतारा आणि उजवीकडे त्यावर आपलं म्हणणं. या तिन्हींत खरा कस जर्नलचा लागतो असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मुलाचं भवितव्य क्विझवर ठरतं, कारण ती तपासायला सगळ्यात सोपी. तिच्यात फारच कमी मार्क पडले तर ‘पुस्तक वाचलेलंच नाही’ असं धरतात आणि मुलाला साध्या वर्गात टाकायचं बोलणं सुरू होतं.

ऑनर्सच्या वर्गाला जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या सरासरीत, जादा वजन मिळतं, त्यामुळे हा प्रश्न घराघरात फार जिव्हाळ्याचा. आमच्या भागातल्या मराठी, गुजराती, तेलुगू घरांतून यादी लागायच्या आधीपासून विचारणा सुरू होते: पुस्तक कुठलं, क्लास कुठला लावू. या मुलांच्या मागे कुणीतरी उभं असतं. मी जिच्याबद्दल लिहितेय तिचे वडील एका वेअरहाउसमध्ये दुसऱ्या पाळीला काम करतात आणि त्यांना इंग्लिश येत नाही.

त्या वर्षी दहावीत जाणाऱ्यांना मेरी शेलीचं ‘फ्रँकेनस्टाइन’ नेमलं होतं, व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन नावाचा तरुण स्वतः एक राक्षस घडवतो ती कादंबरी. मला हे पुस्तक त्या वयासाठी फार योग्य वाटतं. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी ते लिहायला घेतलं तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्यामुळे युरोपात उन्हाळा म्हणून झालाच नाही, पावसानं सगळे घरात कोंडून पडले आणि भुताच्या गोष्टी रचायचं ठरलं. हे सांगितलं की मुलं मान वर करून ऐकतात.

ही मुलगी माझ्या वर्गातली नव्हती. आमच्याकडे कॉपीचा संशय आला की दुसऱ्या शिक्षकानं पेपर पाहायचा असतो, तसा तिचा पेपर माझ्याकडे आला. क्विझमध्ये ती सपशेल नापास होती. तिला शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी तीन उत्तरांभोवती लाल गोल केले होते. एलिझाबेथ व्हिक्टरची कोण? तिनं लिहिलं होतं, त्याच्या वडिलांच्या बहिणीची मुलगी. झाडावर वीज पडल्यावर विजेबद्दल त्याला कोण समजावतं? वडील. राक्षस स्वतःची कहाणी कुठल्या प्रकरणात सुरू करतो? दुसरा खंड, तिसरं प्रकरण. उत्तरपत्रिकेप्रमाणे एलिझाबेथ ही दत्तक घेतलेली अनाथ मुलगी, वीज समजावणारा घरी आलेला एक विद्वान, आणि कहाणी अकराव्या प्रकरणात. शेजारी शेरा होता: पुस्तकात खंडच नाहीत, हे एआयनं रचलेलं दिसतं.

ते तीन गोल पाहिले आणि मला काय झालंय ते कळलं. ‘फ्रँकेनस्टाइन’ची पुस्तकं दोन आहेत. १८१८ मध्ये ते तीन खंडांत निघालं, लेखिकेच्या नावाशिवाय, आणि प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून. १८३१ मध्ये मेरी शेलीनं ते सुधारून एका खंडात काढलं, तेव्हा चोवीस प्रकरणं सलग झाली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ व्हिक्टरची खरोखरच आतेबहीण आहे. दुसरीत ती कोमो सरोवराजवळ एका गरीब कुटुंबात वाढणारी, मिलानच्या सरदाराची पोरकी मुलगी होते. पहिल्या आवृत्तीत वडीलच मुलाला वीज समजावतात, पतंग करून ढगातली वीज खाली उतरवून दाखवतात. दुसरीत ते काम एका पाहुण्या विद्वानाकडे जातं आणि पतंग गायब होतो. एकूण सूरही बदलतो: १८१८ चा व्हिक्टर आपल्या निर्णयांनी बुडतो, १८३१ चा नशिबाचं बोट धरून जातो. आमच्या बुक रूममधला संच १८३१ चा, क्विझ त्याच्यावर बेतलेली. पण यादीत ‘कुठलीही आवृत्ती चालेल’ असं छापलेलं होतं, आणि दोन्ही सर्रास मिळतात. मुलीनं गावच्या पब्लिक लायब्ररीतून आणलेली प्रत १८१८ ची होती.

तिच्या पेपरवरचे तीनही गोल म्हणजे तिनं पुस्तक वाचल्याचा पुरावा होता. इंटरनेटवरचे सारांश बहुतेक करून १८३१ च्या कथेचेच असतात. ते वाचून आलेलं मूल या क्विझमध्ये पैकीच्या पैकी मिळवू शकतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मीटिंग त्याच दिवशी होती, माझ्या रिकाम्या तासाला. कौन्सेलर, डिपार्टमेंटच्या सुपरवायझर, सहकारी, मुलगी, तिचे वडील आणि मी. दुभाष्या बोलावलेला नव्हता. बोलवायला हवा होता, पण फॉर्म वेळेत गेला नाही असं कळलं. मग कौन्सेलरनं मुलीलाच विचारलं, तू सांगशील ना वडिलांना? आणि स्वतःवरच्या आरोपाचं एकेक वाक्य ती पोरगी वडिलांना स्पॅनिशमध्ये सांगत बसली. खोली भरून मोठी माणसं, सगळी शिकलेली, आणि माझ्याशिवाय कुणालाही मीटिंग पुढे ढकलावीशी वाटली नाही. मी ढकला म्हटलं, तर सुपरवायझर म्हणाल्या की वर्ग बदलायची मुदत शुक्रवारी संपतेय.

इतकी वर्षं स्पॅनिश बोलणारी मुलं शिकवल्यावर मला ती भाषा बऱ्यापैकी कळते. वडील एकदा मध्येच बोलले: मी रात्री कामावरून येतो तेव्हा ही स्वयंपाकघरात दिवा लावून हे पुस्तक वाचत बसलेली असते. मुलीनं ते वाक्य इंग्लिशमध्ये सांगितलंच नाही. आरोपाचा शब्द न् शब्द तिकडे पोचवला आणि आपल्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार गाळला. मी ते मोठ्यानं इंग्लिशमध्ये सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, “मिस, पण बहुतेक माझंच वाचण्यात चुकलंय. उत्तरं छापलेली आहेत ना.”

मी तिचं जर्नल मागितलं. ते कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं. बारीक अक्षरात भरलेली वही, डावीकडे पतंगाचा उतारा. उजवीकडे तिनं लिहिलं होतं की याचे वडील स्वतःच्या हातानं पतंग करून शिकवणारे आहेत, मग यानं एवढी मोठी गोष्ट केली ती वडिलांना का नाही सांगितली? पुढे आणखी दोन ठिकाणी, व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा, खून झाल्यावर आणि त्या खुनासाठी निरपराध जस्टिनला फाशी झाल्यावर, तिनं हाच प्रश्न पुन्हा लिहिला होता. पुढे कंसात, ‘अजूनही सांगत नाही.’ १८३१ च्या आवृत्तीत हा धागा इतक्या जोरानं हाती लागतच नाही, कारण तिथं पतंग करणारा बाप नाही. मी अनेक वर्षं हे पुस्तक शिकवतेय आणि हा प्रश्न या टोकाकडून मला कुणी विचारलेला नाही.

माझ्या वर्गातून १८१८ ची प्रत आणली, बुक रूममधली दुसरी शेजारी ठेवली, तिन्ही जागा उघडून दाखवल्या. पुढचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं. आरोप मागे, मार्क दुरुस्त, वर्ग कायम. सहकाऱ्यांनी तिची माफी मागितली, नीट, तिच्याकडे बघून, आणि वडिलांशी हस्तांदोलन केलं. माणूस चांगला आहे. पण चॅटजीपीटी आल्यापासून आमच्यापैकी पुष्कळांना अनोळखी उत्तर दिसलं की पहिल्यांदा चोरीच दिसते. विचित्र उत्तर कुठून आलं असेल ही उत्सुकता आमच्या धंद्यातली पहिली गरज, आणि नेमकी तीच आटत चाललीय. सुपरवायझर मला बाहेर पडताना म्हणाल्या, “नशीब, तुम्हाला आवृत्त्या माहीत होत्या.” मला ते अजून टोचतं. मला माहीत नसत्या तरी वही टेबलावर होतीच. ती उघडायला आवृत्त्यांचं ज्ञान लागत नाही.

आधीच्या वर्षांत अशी किती मुलं साध्या वर्गात गेली असतील, ज्यांच्या हातात वेगळी प्रत होती आणि ज्यांनी ‘माझंच चुकलं असेल’ म्हणून मान खाली घातली? जुने पेपर शाळा ठेवत नाही, त्यामुळे शोधायला जागा नाही.

आता यादीत आवृत्तीचं साल छापतात. दुभाष्याशिवाय अशी मीटिंग घ्यायची नाही, हेही लेखी आलंय, त्यासाठी मला डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला बऱ्याच चकरा माराव्या लागल्या. क्विझ मात्र आहे तशीच आहे. तिच्याऐवजी प्रत्येक मुलाला जर्नल घेऊन पाच मिनिटं समोर बसवा, दोन नोंदी निवडा आणि त्यावर बोला, असं मी डिपार्टमेंटमध्ये मांडलं. वेळ कुठून आणायचा, हा सगळ्यांचा प्रश्न, आणि तो रास्तच आहे. एकेका शिक्षकाकडे पाच वर्ग असतात. वर्गात निबंध लिहायला दोन तास जातात, तेवढ्यात बाकीची मुलं लिहीत असताना एकेकाला बाजूला बोलावता येतं, हे मी वेळापत्रक आखून दाखवलंय. येत्या सप्टेंबरात माझ्या वर्गात तसंच करणार आहे. बाकीच्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.