‘टू’ की ‘फ्रॉम’?

काल रात्री नववीच्या वह्या तपासत होते. एकाने लिहिलं होतं, ‘माय अंकल डिस्करेज्ड मी टू प्ले कबड्डी.’ मी ‘टू प्ले’ खोडलं, वर ‘फ्रॉम प्लेइंग’ लिहिलं आणि पुढची वही ओढली. आज शिकवणीला पोरगं वही नाचवतच आलं. "मॅडम, एन्करेजला ‘टू’ चालतो, मग डिस्करेजनं काय घोडं मारलंय?"

प्रश्न रास्त होता. ‘इंग्रजीत असंच असतं’ म्हणून त्याला बसवता आलं असतं, मलाही शाळेत तसंच बसवलं होतं.

"दारू सोडवायची तर माणसाला काय करतात?"

"दारूपासून परावृत्त करतात."

"त्यातला ‘पासून’ म्हणजेच हा ‘फ्रॉम’. एन्करेज पुढे ढकलतो, डिस्करेज मागे ओढतो."

पटलं त्याला. पण डिस्करेज दोन घरचा पाहुणा आहे. ‘आय फेल्ट डिस्करेज्ड’ म्हणजे नुसतं नाउमेद झालो, तिथे ‘फ्रॉम’ नको. शब्दाच्या पोटात ‘करेज’ बसलाय आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कोर’, म्हणजे काळीज. काकांनी काळीजच काढून घेतलं म्हणा ना!

आपली आणखी एक खोड म्हणजे ‘डिस्करेज टू मी’. ‘मला’मधला ‘ला’ जाता जात नाही. बीएडच्या पाठाला मीच फळ्यावर ‘डोन्ट डिस्करेज टू हिम’ लिहिलं होतं आणि मागच्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला होता. ते खाकरणं अजून आठवतं.

मग मी विचारलं, "काकांचं ऐकून खेळणं सोडलंस?"

"छे! रविवारी मॅच आहे."

डिस्करेजचा एक भाऊ आहे ‘डिस्वेड’, म्हणजे समजावून बेत सोडायला लावणं. पण इथे नुसता ‘डिस्वेडेड’ चालणार नाही. डिस्करेज केलं तरी माणूस खेळत राहू शकतो. ‘डिस्वेडेड’ म्हटलं की काका जिंकले, पोरगं घरी बसलं. काकांच्या वाट्याला ‘ट्राइड टू डिस्वेड’ एवढंच. ‘डिटर’ही, म्हणजे धाकाने रोखणं, सांगायचा होता, त्याचं मूळ ‘टेरर’च्याच घरातलं, घाबरवणारं. पण पोराचं लक्ष घड्याळाकडे होतं.

जाताना त्याने वाक्य नव्याने लिहून दाखवलं: ‘माय अंकल ट्राइड टू डिस्वेड मी फ्रॉम प्लेइंग कबड्डी, बट आय ॲम प्लेइंग ऑन संडे.’

डिस्वेडमध्ये ‘एस’ एकच घातला होता. दुसरा मी लाल पेनाने घुसवला.