इंकस्केपमध्ये वाचनालयाचं बोधचिन्ह नव्यानं रेखाटताना

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे स्वतःच्या बोधचिन्हाची एकही धड फाईल नव्हती. होती ती जुन्या पावतीपुस्तकावरची छपाई. मधोमध समई आणि उघडं पुस्तक, भोवती गोलाकार नाव. मध्यंतरी कुणीतरी ते संगणकावर करून घेतलं होतं, पण तो प्रोग्रॅम आणि तो फॉन्ट दोन्ही आता कुणाकडे नव्हते. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची गर्दी दिसायची. मराठी डीटीपी केलेल्या प्रत्येकाला हे दृश्य पाठ आहे.

शताब्दीनिमित्त फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रं आणि रबरी शिक्का हे सगळं एकाच चिन्हातून निघायला हवं होतं. कार्यकारिणीनं काम माझ्याकडे दिलं तेव्हा मी एकच अट घातली: पुढच्या ग्रंथपालाला काहीही विकत न घेता ही फाईल उघडता आली पाहिजे. म्हणून इंकस्केप हा चित्रं रेखाटायचा मोफत, मुक्त प्रोग्रॅम निवडला.

एखादी गोष्ट पुढच्या पिढीच्या हाती द्यायची तर ती कुणाच्या भरवशावर उभी आहे हे आधी बघावं, असं मला वाटतं. इंकस्केपचं मूळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राफ लेव्हियन यांनी सुरू केलेल्या गिल या प्रोग्रॅममध्ये आहे. त्यातून एस्टोनियाच्या लाउरिस काप्लिन्स्की यांनी सोडीपोडी घडवला. 2003 मध्ये टेड गोल्ड, ब्राइस हॅरिंग्टन, नेथन हर्स्ट आणि मेंटलगाय या टोपणनावानं वावरणारा चौथा, असे चौघं त्यातून वेगळे झाले आणि इंकस्केपची शाखा सुरू झाली. एसव्हीजी हे रेषाचित्रांच्या फाईलचं प्रमाण काटेकोर पाळायचं आणि सगळ्यांना हातभार लावता येईल असं खुलं काम करायचं, हा त्यांचा आग्रह होता. एसव्हीजीला वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची मान्यता 2001 मध्येच मिळाली होती, म्हणजे पाया कुणा एका कंपनीच्या मालकीचा नव्हता. 1.0 ही आवृत्ती यायला मात्र मे 2020 उजाडला. इतकी वर्षं आकड्यापुढचं शून्य हटलं नाही, तरी लोक त्यावर खरी कामं करतच होते. ती चिकाटी मला फार मोलाची वाटते.

आता प्रत्यक्ष काम. पावतीवरचं चिन्ह स्कॅन करून आधी ट्रेस बिटमॅप, म्हणजे छापावरून आपोआप रेषा काढणारी सोय, चालवलं. या सोयीमागे पीटर सेलिंगर यांचा पोट्रेस हा प्रोग्रॅम आहे. काळ्यापांढऱ्या छपाईसाठी तो उत्तम काम करतो. ब्राइटनेसचा उंबरठा कमीजास्त करायचा आणि स्पेकल्सची सोय वापरून कागदावरचे ठिपके गाळायचे. पण जुन्या छपाईत शाई पसरलेली असते आणि ट्रेस त्या पसरलेल्या कडेचाच इमानानं मागोवा घेतो. नोडच नोड, म्हणजे रेषेला वळण देणारे बिंदू. कंट्रोल आणि एल दाबून ते कमी करता येतात, पण कोपरे बोथट होतात. तेव्हा ट्रेस फक्त खाली, कुलूप लावलेल्या लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवला आणि वर पेन टूलनं सगळं नव्यानं काढलं. समईची अर्धीच बाजू काढली. पाथ इफेक्ट, म्हणजे रेषेवर चढवायचे परिणाम, त्यांतल्या मिरर सिमेट्रीनं दुसरी अर्धी आपोआप उभी राहते, आणि एका बाजूचा नोड हलवला की दुसरीकडेही बदल होतो. समईच्या दांड्याच्या गाठींचा घाट मनासारखा येईपर्यंत मी तो मनसोक्त हलवत राहिले.

खरी कसोटी होती गोलाकार नावाची. मजकूर टाइप करायचा, वर्तुळ निवडायचं आणि पुट ऑन पाथ म्हणायचं, इतकं ते सोपं आहे. इंग्रजी नावाला एवढंच पुरतं. देवनागरीला नाही. वर्तुळाच्या वरच्या भागात प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे फिरतं, डोकी एकमेकांपासून फाकतात, आणि आपली तर डोक्यावरच शिरोरेषा! ती अक्षराअक्षराला तुटते. खालच्या कमानीत उलट, डोकी एकमेकांवर चढतात. गावोगावच्या शिक्क्यांवर, संस्थांच्या लेटरहेडवर ही तुटकी शिरोरेषा इतकी दिसते की आपण ती चालवून घेतो. मला ती चालवून घ्यायची नव्हती.

उपाय इंकस्केपमध्येच मिळाला. नाव आधी सरळ ओळीत टाइप केलं. त्याची एक प्रत लपवलेल्या लेयरवर मजकूर म्हणूनच जपून ठेवली. दुसरी प्रत ऑब्जेक्ट टू पाथ करून, म्हणजे आपल्या भाषेत कर्व्ह करून (मजकुराचे नुसते आकार करून), युनियन या आकार जोडणाऱ्या आज्ञेनं एकसंध केली. आता शिरोरेषा ही एकच सलग कड झाली. मग त्या प्रतीला बेंड हा वाकवणारा पाथ इफेक्ट लावला. हे लाइव्ह पाथ इफेक्ट 2008 च्या 0.46 पासून आहेत. मूळ आकार शाबूत राहतो आणि परिणाम कधीही बदलता येतो. बेंडमध्ये अक्षरं फिरत नाहीत, स्वतःच वाकतात, त्यामुळे शिरोरेषा कमानीसारखी अखंड वळते. एक पथ्य आहे: कमानीची लांबी ओळीच्या लांबीशी जुळली नाही तर अक्षरं ताणली जातात. त्यासाठी एक्स्टेन्शनमधलं मेजर पाथ वापरून दोन्ही लांब्या मोजल्या. वरच्या कमानीत वेलांट्या किंचित रुंद होतात, उकार किंचित आवळतात. डोळ्याला ते खुपत नाही; तुटकी शिरोरेषा खुपते.

अक्षरांचं वळणही महत्त्वाचं होतं. वाचनालयाच्या नावात ल आहे आणि शताब्दीत श. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं. पुष्कळ युनिकोड फॉन्ट टाइप करताच हिंदी वळणाचीच रूपं देतात. मी टिरो देवनागरी मराठी घेतला, त्यात हवी ती रूपं मुळातच आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, तिथे इंकस्केपच्या एक्सएमएल एडिटरमध्ये, म्हणजे फाईलच्या आतला कोड दाखवणाऱ्या खिडकीत, त्या मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवता येतं आणि फॉन्ट त्याप्रमाणे रूप बदलतो. जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी जागच्या जागी बसतात, कारण मजकुराची मांडणी पँगो हा इंकस्केपनं वापरलेला तयार कोड करतो आणि त्याला भारतीय लिप्या चांगल्या कळतात.

तो एक्सएमएल एडिटर उघडून सगळ्यांनी एकदा तरी बघावा. एसव्हीजी ही शेवटी वाचता येणारी मजकुराची फाईल आहे. त्यात ठिकठिकाणी सोडीपोडी हा शब्द अजून दिसतो, इतकी वर्षं उलटली तरी. प्रमाणपत्रांसाठी मला याचा थेट उपयोग झाला: नावाच्या जागी एक खूण टाइप करून ठेवली, आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती बदलून प्रत्येक वाचकाच्या नावाचं प्रमाणपत्र तयार केलं. बहुपानी काम असेल तर 2022 च्या 1.2 पासून एकाच फाईलमध्ये अनेक पानंही ठेवता येतात.

छपाईच्या बाबतीत मात्र तयारीनं जावं. इंकस्केपमधून निघणारी पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांत असते. फ्लेक्सवाल्याला त्याचं काही वाटत नाही, ऑफसेटवाला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, मागतो. मी एसव्हीजी स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये आयात केली, तिथे शेंदरी आणि काळ्याची टक्केवारी प्रेसच्या माणसाशी बोलून ठरवली आणि त्यातून पीडीएफ काढली. काळा फक्त काळ्याच्याच प्लेटवर आहे ना, हे त्यांच्याकडूनच तपासून घेतलं. चार रंगांतून बनलेला काळा बारीक अक्षरांना धूसर करतो.

शिक्क्यासाठी त्याच फाईलमध्ये वेगळा लेयर केला. एवढ्या लहान आकारात पुस्तकाच्या पानांवरच्या रेषा भरून येतात, म्हणून त्या काढल्या, समईची ज्योत थोडी मोठी केली आणि अक्षरांना आउटसेटनं, म्हणजे कड बाहेर सरकवून, जरासा जाडपणा दिला. संस्थेच्या पेन ड्राइव्हवर आता मूळ फाईल, प्लेन एसव्हीजी (इंकस्केपच्या खास नोंदी वगळलेली), पीडीएफ आणि फॉन्टची फाईल शेजारीशेजारी आहेत. तो फॉन्ट मुक्त परवान्याचा असल्यामुळे तोही बिनदिक्कत सोबत देता आला.