तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्टफोलिओला किती खर्च येतो, ताई?

मॉडेलिंगसाठी लागणाऱ्या फोटोंच्या अल्बमचा, म्हणजे पोर्टफोलिओचा, हा प्रश्न मला मेसेजमधून येतो, भाचीच्या मैत्रिणींकडून येतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये तर हमखास येतो. तिथे तो आयांच्या तोंडून असतो. "आमची पोरगी पाच फूट सहा इंच आहे, रंगानेही उजळ आहे, पोर्टफोलिओ करून घेऊ म्हणतोय. साधारण किती लागतील?" समोरच्याने आधीच कुठेतरी चौकशी केलेली असते आणि तिथे सांगितलेला आकडा ऐकून पोटात गोळा आलेला असतो.

तर उत्तर असं, की सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही.

मॉडेलना कामं मिळवून देणाऱ्या एजन्सीला पहिल्यांदा जे फोटो हवे असतात त्यांना 'डिजिटल्स' म्हणतात. जुनी मंडळी अजून 'पोलरॉइड' म्हणतात. सकाळी खिडकीजवळ, मोकळ्या भिंतीसमोर उभं राहायचं. मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगात अंगाबरोबर बसणारा काळा टॉप आणि जीन्स. समोरून, डावीकडून, उजवीकडून, पाठमोरा, एक हसरा, एक पूर्ण उंचीचा. भावाच्या मोबाइलवर काढले तरी चालतात, फक्त त्याला सांगा की मोबाइल छातीच्या उंचीला धर, डोक्यावरून नको. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: नाव, वय, उंची, गाव, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू आणि थोडं चालणं. बस. त्यांना तुमचा जबडा, खांदे, त्वचा, दातांची ठेवण बघायची असते. जाड काजळ आणि मागे सूर्यास्त असलेले फोटो पाहून त्यांना यातलं काहीच कळत नाही.

खरा पोर्टफोलिओ त्यानंतर होतो, आणि तोही हळूहळू. मुंबई-पुण्यात नवे फोटोग्राफर, नव्या मेकअप आर्टिस्ट आणि नवे स्टायलिस्ट असतात, त्यांनाही कामं दाखवायला फोटो हवेच असतात. सगळे मिळून एक दिवस काढतात, कोणी कोणाला पैसे देत नाही, फोटो सगळ्यांचे. याला 'टेस्ट शूट' म्हणतात, आता 'कोलॅब'. अशा चार-पाच शूटमधून निवडलेले फोटो घेऊन एजन्सीच्या दारात जाणारी मुलगी महागडा अल्बम घेऊन येणाऱ्या मुलीपेक्षा मागे पडत नाही.

मग ते "तुमचं सिलेक्शन झालंय, फक्त रजिस्ट्रेशन भरा, आणि पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून करावा लागेल" म्हणणारे कोण? एजन्सी तुमच्या कामातून कमिशन घेते. काम मिळालं तर तिला पैसे मिळतात, म्हणून ती तुमच्यासाठी फोन फिरवते. ज्याने कामाआधीच पैसे घेतले, त्याची कमाई झाली. तो कशाला फोन फिरवेल? तालुक्याच्या गावी हॉटेलचा हॉल घेऊन 'ऑडिशन' भरवतात आणि त्यात आलेल्या प्रत्येकाला निवडतात, तेही याच धंद्यातले. एवढं कळलं तरी निम्मी मंडळी वाचतील.

उंचीचं विचारता. रॅम्पसाठी मुलींना पाच फूट आठ इंच आणि त्याहून जास्त, मुलांना सहा फूट किंवा त्याच्या अगदी जवळ. हा नियम कोणाच्या लहरीचा नाही. डिझायनर शोचे कपडे आधी एका मापात शिवून घेतो, मॉडेल नंतर ठरतात. कोणासाठी कपडा आखूड करत बसायला तिथे वेळ नसतो. उज्ज्वला राऊत 1996 मध्ये फेमिना लुक ऑफ द इयर झाली आणि पुढे परदेशातल्या मोठ्या रॅम्पवर चालली. तिचा सावळा रंग आड आला नाही, पण उंची नसती तर पहिल्याच दारात अडली असती. आयांनो, म्हणून त्या 'उजळ'वर फार भिस्त ठेवू नका. अर्थात जाहिरातवाले अजून गोरेपणाला चिकटून आहेत, हेही खोटं नाही. काळ्या-सावळ्यांना कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नका असं जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्येच सांगितलं. जाहिराती त्यानंतर थोड्या बदलल्या, कास्टिंगच्या, म्हणजे जाहिरातीसाठी चेहरे निवडणाऱ्यांच्या, मेसेजमधली भाषा मात्र अजून पूर्ण बदललेली नाही.

पण उंची कमी आहे म्हणून रडत बसू नका, कारण रॅम्प हा या धंद्याचा अगदी छोटा कोपरा आहे. लॅक्मे फॅशन वीक वर्षातून दोनदा, तोही थोड्या दिवसांचा. एरवी वर्षभर घरभाडं कशातून निघतं? कॅटलॉग, ऑनलाइन विक्रीच्या साइट, साड्या, दागिने, शोरूमच्या भिंतीवरचे फोटो. मी याच कामांवर मुंबईत राहिले. रॅम्पवर थोडी चालले, त्याचे फोटो आईने फ्रेम करून लावले आहेत. कॅटलॉगचे फोटो कोणी फ्रेम करत नाही, पण वीजबिल त्यांनीच भरलं. या कामांना पाच फूट चार-पाच इंचही चालतात. दागिन्यांच्या कामात तर कधीकधी नुसता हात आणि मान लागते.

कॅटलॉगचा दिवस कसा असतो ते कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्टँडवर कपडे टांगलेले असतात, दिवसभराचे. एकेका कपड्याचे ठरलेले फोटो: फ्रंट, बॅक, साइड, जवळून एक, पूर्ण एक. मग पुढचा कपडा. पाचव्या-सहाव्या कपड्यापर्यंत सगळ्यांनाच उत्साह असतो. खरी परीक्षा जेवणानंतर. कपडे विकायचे असतात, त्यामुळे त्यांना डाग पडता कामा नये. फाउंडेशन कपड्याच्या गळ्याला लागू नये म्हणून डोक्यावरून कपडा घालताना-काढताना चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकतात. टॅग कापत नाहीत, आत खोचतात. चपला-बुटांच्या तळव्यांना कागदी टेप लावतात, म्हणजे ते कोरेच्या कोरे परत जातात. समोरून जो ड्रेस अंगावर शिवल्यासारखा दिसतो, तो पाठीमागे क्लिपांनी आवळलेला असतो. पाठमोरा फोटो आला की त्या क्लिपा भराभर काढून पिना टोचायच्या.

साडीचं काम आणखी वेगळं. सुरतेचे व्यापारी साड्यांचे कॅटलॉग सतत काढत असतात, कारण देशभरातले दुकानदार ते फोटो पाहूनच माल मागवतात. तिथे साडी नेसवायला एक बाई असते, आणि शहाण्या मॉडेलने तिच्याशी आधी मैत्री करावी, फोटोग्राफरशी नंतर. एक साडी सोडून दुसरी नेसवायला तिला फार वेळ लागत नाही. निऱ्या दातात पिन धरून घालते, पदर खांद्यावर टाकते, आतून दोन क्लिपा, झालं. तुम्ही मध्ये हललात तर निऱ्या बिघडतात आणि सगळे खोळंबतात. साडीची किनार आणि पदर दिसला पाहिजे, तुम्ही कशा दिसता ते दुसऱ्या नंबरावर. ही गोष्ट ज्या मुलीला मनापासून पटते ती टिकते. दर फोटोनंतर मॉनिटरजवळ धावत जाऊन "मी जाड दिसतेय का?" विचारणारीला पुढच्या महिन्यात फोन जात नाही.

मला या सगळ्यातून जे कळलं ते एवढंच आहे: पहिलं काम कोणालाही मिळू शकतं. चेहरा नवा असतो, कोणीतरी ऐनवेळी टांग दिलेली असते, नशीब असतं. त्याच माणसाने दुसऱ्यांदा बोलावलं तर समजावं करिअर सुरू झालं. आणि दुसऱ्यांदा बोलावण्याची कारणं ऐकाल तर हसाल. वेळेवर येते. नखं नीट असतात. कातडीच्या रंगाची अंतर्वस्त्रं आणि साधी काळी हिल स्वतःची आणते. आदल्या आठवड्यात न सांगता केस कापत नाही. मे महिन्यात स्वेटर घालून उभं केलं तरी कुरकुरत नाही. हिवाळ्याचे कपडे उन्हाळ्यातच शूट होतात, दिवाळीचे पावसाळ्यात.

जाहिरातींच्या ऑडिशन हा आणखी वेगळा प्रांत. अंधेरीत वर्सोव्याला आराम नगर नावाची वसाहत आहे, जुनी बैठी घरं, आणि घराघरात कास्टिंगची ऑफिसं. रांगेत तुमच्यासारख्याच उंचीच्या, तुमच्यासारखाच कुर्ता घातलेल्या मुली. आत जायचं, नाव-उंची-वय सांगायचं, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, हात दाखवायचे, मग रिकाम्या कपातून चहा पिऊन खूश व्हायचं. निवड झाली नाही तर कोणी कळवत नाही. कळवणार नाहीत हे धरूनच घरी जायचं. इथलं वयाचं गणित मजेशीर आहे. चोवीस-पंचविशीची मुलगी 'यंग मदर' म्हणून उभी करतात, कडेवर कोणाचं तरी चार वर्षांचं पोर देऊन. आणि 'महाराष्ट्रीयन लुक' म्हणून मेसेज येतो तेव्हा हुरळून जाऊ नका. गुढीपाडवा आणि गणपतीच्या जाहिरातींत कंपन्यांना नथ आणि हिरव्या बांगड्या हव्या असतात. त्या घालणारी दिल्लीची असली तरी त्यांना चालतं. मला एकदा "तू पुरेशी मराठी दिसत नाहीस" म्हणून परत पाठवलं होतं. सांगलीला फोन करून बाबांना सांगितलं, ते अजून ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात.

आता पैशांचं, कारण ते विचारायला सगळे लाजतात. कामाआधी 'होल्ड' येतो, म्हणजे ती तारीख त्यांच्यासाठी राखून ठेवायची. होल्ड म्हणजे काम मिळालं असं नाही, त्यावर पेढे वाटू नका. बुकिंग पक्कं झालं की मेलवर चार गोष्टी लिहून घ्या: रक्कम, किती तास, फोटो कुठे वापरणार, किती काळ. पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, तेही दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच वळता केलेला कर, कापून. म्हणून पॅन कार्ड, बँकेचं खातं आणि दरवर्षी रिटर्न भरणं आलंच. जास्तीचा टीडीएस परत मिळतो तो त्यातूनच.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा 'युसेज'चा, म्हणजे फोटो वापरण्याच्या हक्काचा. तुम्ही दिवस विकत नसता, चेहरा ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देत असता. केसांच्या तेलाच्या एका कंपनीला मी वर्षभरासाठी फोटो दिला होता. मुदत संपल्यावरही बाटलीवर मीच. मावशीने किराणा दुकानातून आणलेल्या बाटलीचा फोटो पाठवला, त्यावर उत्पादनाची तारीखही होती. मी तो फोटो आणि जुना मेल काम जमवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे दिला. भांडण करावं लागलं नाही, पुढच्या वर्षाचे पैसे आले. मेल नसता तर मी काय दाखवणार होते? आता तर कागद आणखी बारकाईने वाचावा लागतो. कपड्यांच्या एच अँड एम कंपनीने 2025 मध्ये तीस मॉडेलांच्या संगणकी प्रतिकृती करणार असल्याचं जाहीर केलं, त्या प्रतिकृतींवरचा हक्क मॉडेलांकडे ठेवून. सगळे एवढे उदार नसतात. करारात 'कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी, बदल करून' असे शब्द दिसले तर विचारा, की यात माझा चेहरा वापरून मी न केलेलं शूट तयार करणं येतं का.

नाव आणि चेहरा आपला असतो, म्हणून झळही आपल्यालाच बसते. 1995 मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण हे मॉडेल विवस्त्र, अजगर घेऊन उभे राहिले, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि निर्दोष सुटायला 2009 उजाडलं. जाहिरात दुसऱ्यांनी योजलेली असली तरी आरोपींच्या यादीत मॉडेल होतेच. कपडे किती, पोझ कशी, हे आधी विचारणाऱ्या मुलीला कोणी 'नखरेल' म्हटलं तर म्हणू दे.

शिक्षण सोडू का, असंही विचारता. सोडू नका. अदिती गोवित्रीकर डॉक्टर होऊन या क्षेत्रात आल्या आणि 2001 मध्ये मिसेस वर्ल्ड झाल्या. या कामात दोन महिने धावपळ आणि मग महिनाभर फोनकडे बघत बसणं असतं. ज्या मुलींकडे दुसरं काही होतं, शिकवण्या, डबे, अकाउंट्स, त्यांना वाईट कामाला नाही म्हणता आलं.

आणि आयांचा शेवटचा प्रश्न, जो त्या मुलीला पाण्याचा ग्लास आणायला पाठवून हळू आवाजात विचारतात. सुरक्षित आहे का? खरं कास्टिंग दिवसा होतं, ऑफिसात किंवा स्टुडिओत होतं, हॉटेलच्या खोलीत होत नाही. सोबत कोणी आलं तर खऱ्या माणसाची हरकत नसते. अनोळखी नंबरवर स्विमसूटचे फोटो पाठवायचे नाहीत, कितीही मोठ्या ब्रँडचं नाव घेतलं तरी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा शूटवरही लागू आहे. एजन्सी दहा माणसांपेक्षा छोटी असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. लहान मुलांसाठीचे नियम वेगळे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि कमाईतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत. पोराला जाहिरातीत घालणाऱ्या किती पालकांना शेवटचा नियम माहीत असतो, देव जाणे.

सांगली, नाशिक, कोल्हापुरातून विचारणाऱ्यांनी लगेच मुंबईत खोली शोधू नये. तुमच्या गावातले सराफ आणि साडीची दुकानं दर सणाला फोटो काढतात, तिथून सुरुवात करा. सोबत चार मोठ्या एजन्सींना त्यांच्या वेबसाइटवर दिलेल्या पत्त्यावरच डिजिटल्स पाठवा. उत्तर नाही आलं तर सहा महिन्यांनी नवे फोटो काढून पुन्हा पाठवा. मेलमध्ये उंची मात्र खरी लिहा. कास्टिंगच्या खोलीत भिंतीवर फुटा-इंचांच्या खुणा केलेल्या असतात आणि तिथे चपला काढून उभं राहावं लागतं.